सर, अनडू करा!

डिजिटल चित्रकला नुकती शिकू लागलेला जुना चित्रकार ओळखायला सोपा असतो. तो स्क्रीनवर फुंकर मारतो. आकाशाचा वॉश दिला की टॅब्लेट तिरका करून रंग खाली उतरायची वाट बघतो. मधूनच प्लास्टिकचं पेन पाण्याच्या मगात बुडवायला निघतो आणि घरातलं कोणीतरी वेळेवर ओरडतं म्हणून काही हजार रुपये वाचतात. काम जमलं की दोन पावलं मागे सरकून, डोळे किलकिले करून, मान वाकडी करून बघतो. समोरचं चित्र वहीएवढं असतं. दोन पावलांवरून ते चित्र आहे की क्रिकेटचा स्कोअर हेही कळत नाही, पण बघायचं म्हणजे मागे जाऊनच बघायचं.

महाराष्ट्रात या माणसाला बहुधा 'सर' म्हणतात. त्यांनी नोकरीभर शाळेत चित्रकला शिकवलेली असते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला मुलांच्या तुकड्याच्या तुकड्या बसवलेल्या असतात. 'पोर्शन राहिलाय हो' म्हणत गणिताच्या शिक्षकांनी त्यांचे निम्मे तास पळवलेले असतात. गॅदरिंगचा पडदा, निरोप समारंभाचं मानपत्र, फळ्यावरचा रोजचा सुविचार ही सगळी कामं त्यांच्याकडून हक्काने आणि अर्थातच फुकट करून घेतलेली असतात. मग निवृत्ती येते. बेंगळुरूचा मुलगा दिवाळीला टॅब्लेट आणून देतो, "बाबा, वेळ जात नाही म्हणता ना, आता यावर काढा," म्हणतो आणि भाऊबीज उरकून परत जातो. पुढची शिकवणी इयत्ता सातवीतल्या नातीकडे.

पहिलं भांडण अनडूवरून, म्हणजे काढलेलं मिटवून एक पाऊल मागे जाण्याच्या सोयीवरून.

सरांच्या वर्गात खोडरबर ही चैन होती आणि पट्टी हा गुन्हा. रेघ चुकली तर ती तशीच ठेवायची, शेजारी बरोबर रेघ काढायची, म्हणजे डोळ्याला फरक कळतो, ही त्यांची शिकवण. नात म्हणते, "आबा, अनडू करा ना." आबा म्हणतात, "कशाला? राहू दे." आठवड्याभरात हेच आबा दोन बोटांनी स्क्रीनवर टकटक करत बसलेले दिसतात. गणपतीची सोंड काढली, टक. पुन्हा काढली, टक. पूर्वी हीच सोंड त्यांनी फळ्यावर एका फटक्यात, मुलांकडे तोंड करून काढली असती. आता माघारी जायची सोय झाल्यावर हात जणू सल्ला मागायला लागतो.

खरं तर अनडूची ही खैरात यंत्रालाही सुरुवातीपासून परवडत नव्हती. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं तेव्हा त्यात एकच पाऊल मागे जाता येई. दुसरी चूक पचवावी लागे. थर एकमेकांवर ठेवण्याची सोय, म्हणजे लेयर, १९९४ मध्ये आली आणि मनसोक्त मागे जाण्याची 'हिस्टरी' १९९८ मध्ये. सरांची शिस्त सॉफ्टवेअरने आठ वर्षं पाळली, मग तेही बिघडलं.

सरांचा जीव मात्र जलरंगात. जलरंगवाल्याला अनडू समजावून सांगणं अवघड असतं, कारण त्याची सगळी विद्याच 'परत फिरता येत नाही' या एका अटीवर उभी आहे. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. साडी नेसलेली मुलगी, हातात समई, ज्योतीपुढे धरलेला तळवा आणि बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड. निम्मा महाराष्ट्र ते रविवर्म्याचं समजतो, आणि उरलेल्यांपैकी बरेच ते तैलचित्र समजतात. ते जलरंगात आहे. जलरंगात उजेड रंगवता येत नाही, तो कागदावर राखून ठेवावा लागतो. एक थेंब भलतीकडे गेला की उजेड गेला.

आणि टॅब्लेटवर? लेयरला 'कलर डॉज' लावायचं, नारिंगी रंगाचा मऊ ब्रश फिरवायचा, ज्योत लखलखते. सर पहिल्यांदा हे बघतात तेव्हा चष्मा काढून पुसतात. मग रागावतात. मग तीन दिवस दुसरं काही करत नाहीत. त्या तीन दिवसांत समईला तेज येतं, चंद्राला येतं, अंगणातल्या तुळशीला येतं आणि शेवटी स्थिरचित्रातल्या वांग्यालाही येतं. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांना स्वतःचं वांगं दिसतं आणि ते सगळे लेयर बंद करून टाकतात. ही तीन दिवसांची साथ प्रत्येकाला येऊन जाते, त्यावर औषध नाही.

दुसरं भांडण हिरव्याचं, आणि यात सरांचं शंभर टक्के बरोबर आहे.

त्यांनी जन्मभर मुलांना सांगितलं, निळ्यात पिवळा घाला, हिरवा होईल. टॅब्लेटवर त्यांनी स्वच्छ निळा घेतला, त्यावर तितकाच पिवळा अर्धपारदर्शक फिरवला. करडा झाला. सिमेंटच्या पत्र्यासारखा करडा. नात म्हणाली, "तुमचं काहीतरी सेटिंग चुकलंय." काही चुकलेलं नव्हतं. पडद्यावरचा रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तीन उजेडांचे आकडे. निळ्याचे ०, ०, २५५ आणि पिवळ्याचे २५५, २५५, ०. बहुतेक सॉफ्टवेअर दोन रंग मिसळायला सांगितले की आकड्यांची सरासरी काढतं. तिन्ही आकडे सारखे आले की उत्तर करडंच. रंगद्रव्याचा कण कोणता उजेड गिळतो आणि कोणता परत सोडतो, याच्याशी त्या सरासरीचा काही संबंध नाही.

रंगद्रव्यांचं खरं गणित पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ मध्येच मांडून ठेवलं होतं. त्याच १९३१ मध्ये मुंबईत दांडेकरांनी शाईचा धंदा सुरू केला, ज्याचं पुढे कॅम्लिन झालं आणि ज्याच्या रंगपेट्यांनी सरांच्या विद्यार्थ्यांचे शर्ट कायमचे रंगले. हा निव्वळ योगायोग, पण सांगायला बरा. ते गणित पडद्यावरच्या रंगपेटीत सुटसुटीत बसवायला २०२१ उजाडलं. शार्का सोखोरोव्हा आणि ओंद्रेय यामरिश्का या दोन चेक संशोधकांनी 'मिक्सबॉक्स' नावाची पद्धत काढली, आणि तिच्यात निळ्यात पिवळा घातला की हिरवा होतो! कॅम्लिनच्या पेटीत जे बालवाडीतल्या पोराला पहिल्या दिवशी जमतं, ते संगणकाला इतक्या वर्षांनी जमलं, हे सर आल्यागेल्याला ऐकवतात. त्यांना ऐकवू द्यावं. निवृत्त माणसाला असे विजय रोज मिळत नाहीत.

बाकी रंगांची नावं गेली याचं दुःख वेगळंच. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिम्सन लेक, प्रशियन ब्लू ही नावं सर घरच्या माणसांच्या नावासारखी घेतात. इथे त्या जागी एक चाक आणि सहा अक्षरी-आकडी सांकेतिक क्रमांक. सरांनी एका जुन्या डायरीत डावीकडे रंगाचं नाव आणि उजवीकडे क्रमांक अशी यादी केली आहे. बर्न्ट सिएनाच्या ओळीत खाडाखोड फार आहे.

हाताचं काय? सरांच्या एका मित्राकडे स्वस्तातली, पडदा नसलेली पाटी आहे. पेन टेबलावर फिरवायचं आणि नजर समोरच्या मॉनिटरवर. सर्वसाधारण माणूस यावर पहिल्या दिवशी स्वतःची सहीसुद्धा करू शकत नाही. पण ज्याने मॉडेल समोर बसवून स्केचिंग केलंय, त्याला हे लवकर जमतं. त्याची नजर आधीपासूनच हातावर नसते, समोरच्या माणसावर असते. जुन्या तालमीचा असा उघड फायदा फार थोड्या ठिकाणी होतो. पेनाच्या खोक्यावर मात्र 'दाबाच्या ८१९२ पातळ्या' असं लिहिलेलं असतं, ते वाचून दोघेही हसतात. सरांचं अख्खं आयुष्य एचबी, टूबी, फोरबी आणि सिक्सबी या चार पातळ्यांत गेलं, आणि तरी कोणाच्या चेहऱ्यावर छाया कमी पडली नाही. तळहात स्क्रीनला लागून भलत्याच रेघा उमटू नयेत म्हणून करंगळी आणि अनामिका झाकणारा दोन बोटांचा काळा हातमोजाही मिळतो. तो घालून सर पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले तेव्हा काकूंनी हातातली पळी खाली ठेवून विचारलं, "अहो, भाजलं का कुठे?"

तरी सर एकटे नाहीत, आणि सोबत बरीच वजनदार आहे.

डेव्हिड हॉकनी. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा, १९३७ चा जन्म. मोठमोठ्या कॅनव्हासांवर पोहण्याचे तलाव रंगवून जगप्रसिद्ध झालेला. सत्तरी ओलांडल्यावर त्याने आयफोनवर बोटाने चित्रं काढायला सुरुवात केली. सकाळी अंथरुणातूनच खिडकीतली फुलं काढायची आणि मित्रांना पाठवायची. आपल्याकडचे ज्येष्ठ नागरिक सकाळी फुलं आणि 'शुभ प्रभात' पाठवतात, तोच हा प्रकार, फक्त फुलं स्वतः काढलेली. २०१० मध्ये आयपॅड आला तेव्हा त्याला सोयच झाली. त्याच्या कोटांना स्केचबुक मावेल असा आतला खिसा आधीपासून शिवलेला असे, त्यात आयपॅड बसला. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत त्याचं प्रदर्शन भरलं, तिथे ३२ कॅनव्हास जोडून केलेलं वसंत ऋतूचं एक प्रचंड तैलचित्र आणि त्याच्याभोवती आयपॅडवर काढून मोठी छापलेली ५१ चित्रं होती. २०१८ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत महाराणी एलिझाबेथ यांच्या सन्मानार्थ रंगीत काचेची खिडकी बसली, तिचं रेखाटनही त्याने आयपॅडवरच केलं. २०२० च्या टाळेबंदीत सगळं जग भांडी घासत असताना हा ८२ वर्षांचा गृहस्थ नॉर्मंडीत बसून झाडांना पालवी फुटताना टिपत होता. पुढच्या वर्षी त्यातली ११६ चित्रं रॉयल ॲकॅडमीत लागली.

हॉकनीला यंत्राचं आकर्षण नेमकं कशाचं, हे सरांनी मुद्दाम लक्षात ठेवलंय. पहिलं म्हणजे वेग. पहाटेचा रंग पाच मिनिटांत बदलतो, तेवढ्यात ट्यूबची टोपणंसुद्धा उघडून होत नाहीत. दुसरं, अंधार. आयपॅडला स्वतःचा उजेड असतो, त्यामुळे दिवा न लावता सूर्योदय रंगवता येतो. तिसरी गोष्ट गमतीची. त्याच्या ॲपमध्ये चित्र पहिल्या रेघेपासून पुन्हा 'लावून' बघता येई, आणि त्यामुळे आपण चित्र कसं काढतो हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

सरांनीही पाहिलं. नातीने त्यांच्या गणपतीचा व्हिडिओ लावला. दोन तासांचं काम अर्ध्या मिनिटात. चित्राची घडण पंधरा सेकंदांत झालेली, आणि मग उरलेला निम्मा व्हिडिओ एकच सोंड येते आणि जाते, येते आणि जाते. "आबा, इथे थांबला असतात तर चाललं असतं," नात म्हणाली आणि तिने बोट ठेवलं ते बरोबर ठिकाणी होतं. आजवर सर मुलांच्या खांद्यावरून वाकून 'आता थांब, चित्र मरेल' असं सांगत आले. त्यांच्या खांद्यावरून वाकणारं कोणी नव्हतं. कागद थांबवायचा. तो भिजून फुगायचा, रंग गढूळ व्हायचा, कागदाचं साल निघायचं. स्क्रीनचं साल निघत नाही.

हॉकनीच्याही आधी अँडी वॉरहॉलने हा उद्योग केला होता. २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये अमिगा संगणकाचं उद्घाटन होतं. त्याने सर्वांसमोर गायिका डेबी हॅरीचं चित्र माउसने केलं, म्हणजे फोटोत रंग ओतले. त्याने खाजगीत केलेली चित्रं फ्लॉपीत अडकून पडली, ती २०१४ मध्ये बाहेर काढली तेव्हा २८ निघाली. त्यांत त्याचा जगप्रसिद्ध सूपचा डबा आहे, पण माउसने काढलेला असल्याने दुसरीतल्या पोराने काढावा तसा वाकडातिकडा. आणि एक व्हीनस आहे तिला तीन डोळे. डोळा कॉपी करून मध्ये चिकटवलेला. वॉरहॉललासुद्धा कॉपी-पेस्ट हाती लागल्यावर राहवलं नाही, हे ऐकून वांग्याचं प्रकरण सरांना फारसं लाजिरवाणं वाटत नाही.

अमेरिकेत हॅल लास्को नावाचे टायपोग्राफर होते. ८५ व्या वाढदिवसाला घरच्यांनी संगणक दिला, त्यात साधं मायक्रोसॉफ्ट पेंट. डोळे अधू झालेले, ब्रशचं टोक दिसेना, तर हे चित्र मोठं करून एकेक चौकट रंगवायचे. ९८ व्या वर्षी वारले तोपर्यंत रंगवत होते. जपानचे तात्सुओ होरिउची यांची तर कमालच. निवृत्तीनंतर चित्रं काढायची ठरवली, चित्रकलेचं सॉफ्टवेअर महाग वाटलं, म्हणून त्यांनी एक्सेलमध्ये काढली. हिशेबाच्या एक्सेलमध्ये! चेरीचा बहर, डोंगर, धुकं, सगळं तिथेच. आपल्याकडे एक्सेल उघडल्यावर माणसाला फक्त वर्गणीची यादी दिसते.

परंपरावाल्यांनी यंत्राला हात लावू नये असं म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रातच उत्तर मिळतं. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. त्या छापलेल्या होत्या म्हणून कोणी त्यांना हळदकुंकू वाहायचं सोडलं नाही. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे भाऊ. त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. आनंदराव मध्येच गेले, बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. गोव्याचे रघुवीर मुळगावकर रंग फवाऱ्याने मारत. कॅलेंडरवरचे ते तुकतुकीत देव बघून 'हे हाताने नाही केलं' अशी कुरकूर कोणी कलावंताने केलीही असेल, पण कॅलेंडर भिंतीवरून कोणी उतरवलं नाही.

खरी परीक्षा पुढे, फ्लेक्सच्या दुकानात.

दुकानाचा मालक सरांचाच विद्यार्थी, चित्रकलेत कायम काठावर पास. फ्लेक्स आले आणि गावोगावचे साइनबोर्ड पेंटर बेकार झाले. दिल्लीत हनीफ कुरेशींनी अशा पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट केले, तेवढीच काय ती अक्षरं उरली. या विद्यार्थ्याने मात्र वेळीच कोरलड्रॉ शिकून घेतलं. आज चौकातल्या प्रत्येक 'भावी नगरसेवका'चा चेहरा त्याच्या हातून गोरा होतो. सर पेनड्राइव्ह घेऊन जातात. तो आदराने उठतो, खुर्ची देतो, फाईल उघडतो आणि मान हलवतो.

"सर, फाईल आरजीबीत आहे. निळा मरेल."

"मरेल म्हणजे?"

"छापल्यावर उतरणार. सीएमवायके करायला पाहिजे होतं. आणि साइज पण लहान आहे, दहा बाय पाचला फाटेल."

निळा मरतो आणि चित्र फाटतं, ही भाषा सरांना नवी. एफोर कागद नीट छापायचा तर चित्र २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं लागतं. सरांनी आपला गणपती ८०० ठिपक्यांत काढलेला. शिवाय पडद्यावरची मोरपंखी निळाई उजेडाची असते, चार शाया एकत्र करून ती तशीच उतरत नाही. विद्यार्थी सगळं समजावून सांगतो, सर खाली मान घालून ऐकतात. वर्ग उलटा भरतो.

इथपर्यंतचं सगळं सर शिकतात. माणूस साठीनंतरही शिकतो. त्यांच्या हाताला प्रमाणबद्धता येते, छायाप्रकाश येतो, बोटांची ठेवण येते. या गोष्टी कुठल्याही ॲपबरोबर येत नाहीत, म्हणून सहा महिन्यांत त्यांची व्यक्तिचित्रं गल्लीतल्या कोणाही डिझायनरपेक्षा सरस होतात. मग पहिली ऑर्डर येते. ओळखीतल्या एका गृहस्थांना आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीनिमित्त चित्र हवं असतं. सर आठ दिवस बसतात. आजींच्या नथीतला मोती आठशे टक्के मोठा करून रंगवतात, जो छापल्यावर मोहरीएवढा दिसणार असतो. चित्र पाहून सगळे खूश. मग पैशांचा विषय निघतो.

"सर, कॉम्प्युटरवर केलंय ना? मग एवढे कसे?"

हा प्रश्न चांगले, शिकलेले, देवभोळे लोक विचारतात. कॅनव्हास नाही, रंग नाही, सांडलं नाही, वाळायला ठेवलं नाही, तर मग कष्ट कुठे झाले? त्यात अलीकडे एक पोटप्रश्न निघालाय: "एआयने केलं का हो?" आणि 'ओरिजिनल कुठे आहे' हा आहेच. मार्च २०२१ मध्ये 'बीपल' या नावाने काम करणाऱ्या अमेरिकी कलाकाराचं निव्वळ डिजिटल चित्र क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेलं, तेव्हा तिथे हा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारला असता तर उत्तर सरांकडे होतं तेच आलं असतं: एक फाईल आहे.

सरांनी गॅदरिंगचे पडदे फुकट रंगवले, मानपत्रं फुकट लिहिली. आता तरी वाचकांनी एवढं करावं. ओळखीतल्या चित्रकाराकडून टॅब्लेटवर चित्र करून घ्यायचं असेल तर पैसे आधी ठरवा, निम्मे आगाऊ द्या, चेहऱ्यात दोनपेक्षा जास्त वेळा बदल सांगू नका आणि काम झाल्यावर लेयरसकट मूळ फाईल फुकट मागू नका.